नव्या ई-सायकलीला दागिने किती घालायचे?

"काका, नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, वय चव्वेचाळीस. नोकरी सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका कार्यालयात. स्कूटर आता मुलगी कॉलेजला नेते आणि रिक्षाला रोज पैसे घालून कंटाळले, म्हणून महिन्यापूर्वी ई-सायकल घेतली. पेडल मारलं की मोटर मदत करते, पेडल न मारता चालवायला थ्रॉटलही आहे. एकीकडचं अंतर सहा किलोमीटर. सकाळी साडेनऊला निघते, परत यायला सात वाजतात, वाटेत भाजी घ्यायची असते. अंगात पंजाबी ड्रेस आणि ओढणी. ऑफिसला सायकल कंपाउंडबाहेर पत्र्याच्या शेडखाली लावावी लागते. मुलाने एकवीस वस्तू ऑनलाइन कार्टात टाकून ठेवल्या आहेत, बिल होतंय १४,३०० रुपये. मिस्टर म्हणतात, सायकलीला घंटी असली की झालं. पावसाळा तोंडावर आहे. काय घेऊ आणि काय काढून टाकू?"

— एक वाचक, इंदिरानगर

ताई,

कार्टाची यादी पत्रासोबत जोडलीत हे बरं केलंत. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे सामानाची यादी हातात आली की पेन्सिल आपोआप निघते. एकवीसपैकी चौदा वस्तूंवर काट मारली. सात ठेवल्या. दोन यादीत नव्हत्याच, त्यांची भर घातली. सगळं मिळून सात हजारांच्या आत बसायला हरकत नाही. मिस्टरांनाही अर्धे मार्क द्यायला हवेत. घंटी खरंच लागते. ती सायकलीसोबत आलेली असते एवढंच.

काट मारण्याआधी तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचलं. ओढणी, कंपाउंडबाहेरची शेड आणि संध्याकाळचे सात, या तीन गोष्टी तुम्ही बोलता बोलता लिहून गेलात. माझी निम्मी पेन्सिल त्यांच्यावरच चालली आहे.

ओढणीपासून सुरू करतो. मुलाच्या यादीत चाकाच्या तारांना लावायचे रंगीत दिवे आहेत, पण ओढणीसाठी काही नाही. त्याचा दोष नाही, त्याला कधी ओढणी सांभाळावी लागलेली नाही. स्कूटरचं मागचं चाक बरंच झाकलेलं असतं. ई-सायकलीचं दोन्ही बाजूंनी उघडं, वर उजवीकडे चेन आणि दाते उघडे. साध्या सायकलीत ओढणी चाकात गेली तर पेडल जड लागतं आणि आपण थांबतो. इथे पेडल थांबवल्यावरही मोटर क्षणभर ओढत राहते, आणि तेवढा क्षण ओढणी गळ्याशी आवळायला पुरतो. म्हणून माझ्या भरीची पहिली वस्तू: चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला दोन्हीकडून जाळी. जुन्या लेडीज सायकलींना असायची तीच, मडगार्डपासून ॲक्सलपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यापर्यंत, उतरणारी. सायकल दुरुस्तीच्या जुन्या दुकानात विचारा, ऑनलाइनपेक्षा तिथे लवकर मिळेल. बसवणाऱ्याला एकच सांगायचं. मोटरची वायर ॲक्सलमधून ज्या बाजूने बाहेर येते, त्या बाजूला जाळीला खाच कापून घे, वायर दाबू नकोस. आणि जाळी लागेपर्यंत ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारायची. नुसती खोचलेली सुटते.

आता शेड. कंपाउंडबाहेर म्हणजे दिवसभर सायकल रस्त्यावरच समजा. मुलाने वायरचं लॉक घातलंय, नंबर फिरवायचं, दिसायला छान, दोनशे ऐंशी रुपये. माझी साधी सायकल गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून अशाच वायरसकट गेली. सायकल नव्हती. वायर होती, भेंडी मोडावी तशी कापलेली. मेथीची जुडी हातात घेऊन मी त्या तुकड्याकडे बघत उभा होतो. तेव्हापासून डी-लॉकशिवाय मी सायकल घराबाहेर लावत नाही. जाड लोखंडी कडीचं चांगलं लॉक हजाराच्या आसपास मिळतं आणि दीड किलो वजन वाढवतं. मोटर आहे, तिला ते वजन कळतही नाही.

लॉक घेणं सोपं आहे, लावण्यातच लोक चुकतात. कडी मागच्या चाकातून, फ्रेमच्या त्रिकोणातून आणि शेडच्या खांबाभोवती, अशी तिन्ही एकत्र अडकवायची. मागचंच चाक, कारण बहुतेक ई-सायकलींची मोटर त्या चाकात बसलेली असते. किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवायचं, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून ऑगस्टपर्यंत गंजतं. लॉक जमिनीवर टेकू द्यायचं नाही, टेकलं की हातोड्याला आधार मिळतो. पुढचं चाक दांडी उघडून हाताने निघणारं असेल तर तिथे साधा नट बसवून घ्या. फ्रेमचा नंबर पेडलांच्या मधल्या नळीखाली कोरलेला असतो. सायकल आडवी करून त्याचा फोटो काढा आणि बिलाच्या फोटोशेजारी ठेवा.

बॅटरी मात्र खाली ठेवायचीच नाही, मग तिच्या कुलपाची जाहिरात काहीही सांगो. सायकलीच्या किमतीतला मोठा वाटा तिचा असतो आणि वजन दोन-तीन किलो, म्हणजे डब्याच्या पिशवीत मावेल एवढंच. किल्ली फिरवायची, काढायची, वर न्यायची. चोरीइतकंच दुसरं कारण आहे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली हात लावून बघा. लिथियमच्या बॅटरीचा खरा शत्रू ऊन. टेबलाखाली सावलीत ठेवलेली बॅटरी पत्र्याखाली भाजलेल्या बॅटरीपेक्षा जास्त वर्षं टिकते. ऑफिसात चार्जिंग करू नका, गरजच नाही. तुमच्यासारख्या सायकलीची बॅटरी साधारण ३६ व्होल्ट आणि आठेक अँपिअर-अवरची असते. हिशेब केला तर पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज. रोजच्या बारा किलोमीटरला ती आरामात पुरते. घरी आल्यावर अर्धा तास निवू द्या, मग लावा, आणि झोपायच्या आधी काढा.

यावरून यादीतल्या सहाव्या आणि सातव्या वस्तूकडे येतो. त्यांच्यावर मी काट नाही, फुली मारली आहे. सहावी 'फास्ट चार्जर'. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा तोच आकडा असतो. ४८ व्होल्टवाल्याचा चार्जर ५४.६ देतो. ऑनलाइन दोन्ही एकसारखे काळे डबे दिसतात, कधी कधी पिनसुद्धा तीच बसते. सोबत आलेला चार्जर उलटा करून मागचं लेबल वाचा आणि तोच शेवटपर्यंत वापरा. बिघडला तर कंपनीचाच घ्या, पाचशे रुपये जास्त गेले तरी. हा एक खर्च आहे जिथे काटकसर घराला आग लावू शकते. याच कारणासाठी बॅटरी जिन्याखाली किंवा बाहेरच्या दाराजवळ चार्जिंगला लावत जाऊ नका.

सातवी 'स्पीड किट'. मुलगा नुसता हसला असेल, पण ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीला सूट आहे ती मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तोवर. त्या मर्यादेत लायसन्स नको, नंबरप्लेट नको, विमा सक्तीचा नाही. किट बसवून वेग चाळीसवर नेलात की कायद्याच्या लेखी ती विनानोंदणीची मोटारसायकल झाली. अपघात झाला तर दोष कुणाचाही असो, पहिला प्रश्न तुम्हाला. शिवाय त्या सायकलीचे ब्रेक, रिम आणि फ्रेम चाळीससाठी बनवलेलेच नाहीत.

तिसरी गोष्ट, संध्याकाळचे सात. सीबीएसवरून चांडक सर्कल, तिडके कॉलनी, गोविंदनगर आणि मग हायवेखालचा बोगदा, असाच तुमचा रस्ता असणार. त्या बोगद्याच्या तोंडाशी संध्याकाळी जी दाटी होते ती तुम्हाला मी सांगायला नको. तिथे तुम्हाला दिसण्यापेक्षा तुम्ही दिसणं जास्त महत्त्वाचं. पुढचा दिवा सायकलीत आहेच आणि तो पुरेसा आहे. मागचा मात्र वेगळा घ्या, स्वतःच्या सेलवर किंवा मोबाइलसारखा चार्ज होणारा. सायकलीचे सगळे दिवे मोठ्या बॅटरीवर चालतात. ती संपली किंवा कनेक्टर सैल झाला की मोटर आणि दिवा एकदमच जातात, आणि अंधारात जड सायकल ढकलत चालणाऱ्याला दिव्याची सर्वांत जास्त गरज असते. माझ्यावर ती पाळी उपनगरच्या सिग्नलच्या पुढे आली होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं की त्याला मी शेवटच्या क्षणी दिसलो.

मागचा दिवा सीटच्या नळीवर लावायची पद्धत आहे. तुमच्यासाठी ती चूक. कॅरिअरवर भाजीची पिशवी आली की दिवा पालकाच्या मागे गेला. कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला क्लँप करून घ्या. पुढच्या दिव्याचा रोख तपासायला घरासमोरच्या भिंतीपासून तीन मीटरवर सायकल उभी करा. उजेडाचा मधला गोळा दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडला पाहिजे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो नेमका तुमच्याच अंगावर येतो. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट यादीत आहे, ते नको, उन्हाळ्यात घालणार नाही. त्याऐवजी पन्नास रुपयांची चमकपट्टी उजव्या घोट्याला बांधा. सलवारही आवरली जाते आणि खाली-वर हलणारा चमकता ठिपका लांबूनच 'सायकल' म्हणून ओळखू येतो.

आरसा ठेवला आहे. उजव्या बाजूला एकच. सायकलवाले आरशाला हसतात, हसू द्या. वीस-बावीसच्या वेगाने खड्डा चुकवायला उजवीकडे सरकताना मान वळवून मागे बघायला वेळ नसतो, आणि सिंहस्थाच्या कामांनी सध्या कोणता रस्ता सकाळी होता तसा संध्याकाळी राहील याची खात्री नाही. आरसा बसवताना हँडलवरची ग्रिप काढावी लागली तर कारागिराला ब्रेकच्या दांडीकडून निघालेली बारीक वायर दाखवा. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी वायर ती. क्लँपखाली ती चेपली तर एक तर मोटर चालूच होणार नाही, नाहीतर ब्रेक दाबल्यावरही ओढत राहील. बसवून झाल्यावर मागचं चाक उचलून थ्रॉटल द्यायचा आणि ब्रेक दाबायचा. चाक जागच्या जागी मेलं पाहिजे.

हेल्मेट. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिकला 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं होतं, आठवत असेल. पेट्रोल पंपावर एकच हेल्मेट पाच जण फिरवून घालायचे. आपल्या गाडीला पेट्रोलच लागत नसल्यामुळे आपल्याला पंपावर अडवणारं कोणी नाही, कायद्यानेही या सायकलीला सक्ती नाही. तरी घ्या. मोटारसायकलचं जड हेल्मेट नको, घामाने चार दिवसांत खुंटीला लागेल. सायकलचं, भोकांचं घ्या, आणि आत लेबलवर 'ईएन १०७८' किंवा 'सीपीएससी' लिहिलंय का बघा. हे सायकल हेल्मेटचे मानक आहेत. यादीतल्या हेल्मेटला लेबलच नाही, नुसता चमकदार रंग आहे, म्हणून वस्तू ठेवली पण मॉडेल बदला. हे ऑनलाइन घेऊ नका. दुकानात डोक्यावर घाला, कडा भुवयांच्या वर दोन बोटं हवी, पट्टा हनुवटीखाली लावल्यावर एक बोट जाईल एवढाच सैल. अंबाडा घालत असाल तर अंबाडा घालूनच जा मापाला.

आता पंक्चर. यावर जास्त लिहितो, कारण या एका गोष्टीमुळे लोक ई-सायकल पार्किंगमध्ये धूळ खात ठेवतात. साध्या सायकलीचं पंक्चर म्हणजे वीस मिनिटांचं काम. ई-सायकल घेऊन गेलात की पंक्चरवाला मागचं चाक बघतो, त्यातून निघालेली वायर बघतो आणि म्हणतो, "ताई, हे आपल्याला नाही जमणार." तो भित्रा नाही. वायर तुटली तर भरपाई कोण देणार हा त्याचा प्रश्न रास्त आहे.

त्याला तुम्ही सांगायचं: चाक काढूच नका. सायकल बंद करायची, बॅटरी काढून हातात घ्यायची, सायकल आडवी करायची. टायरची एकच कड प्लॅस्टिकच्या लिव्हरने हातभर लांबीपुरती सोडवायची आणि ट्यूब तेवढीच बाहेर ओढायची. हवा भरून कान लावला की भोक सापडतं. खिळा किंवा काच टायरमध्येच रुतून बसलेली असेल तर काम आणखी सोपं, बरोबर तिथेच उघडायचं. घासायचं, सोल्युशन लावायचं, ते सुकेपर्यंत धीर धरायचा, पॅच दाबायचा, ट्यूब आत. टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला नाही ना ते बघायचं, हे विसरलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि ब्रेकच्या डिस्कला तेलकट बोट लागू द्यायचं नाही, लागलं तर ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. हे मी आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला एकदा शेजारी बसून दाखवलं. आता तो माझ्याकडून पैसे घेत नाही, पण चहा माझ्याकडून घेतो.

ट्यूबच बदलायची वेळ आली तर मात्र चाक काढावं लागतं. त्यासाठी भरीची दुसरी वस्तू, पाना. मोटरच्या ॲक्सलचे नट बहुतेक सायकलींना १८ नंबरचे असतात, रस्त्यावरच्या पेटीत तो मापाचा मिळेलच असं नाही. आपला नट मोजून एक पाना घ्या आणि पिशवीच्या तळाशी टाकून द्या. वायरीच्या जोडावर दोन्हीकडे बारीक बाण असतात. सोडवताना सरळ ओढायचं, पिळायचं नाही. जोडताना बाणासमोर बाण. आतल्या पिना केसासारख्या बारीक असतात, वाकल्या की वायर बदलण्यावाचून गत नाही. नटाखालचा दात असलेला वॉशर काढला तसाच परत बसवायचा. तो नसला तर मोटर जोर लावते तेव्हा ॲक्सलच खाचेत फिरतो.

कार्टातल्या पंक्चर किटसोबत हिरव्या लिक्विडची बाटली दिसतेय. ती ठेवा, पण फक्त मागच्या ट्यूबमध्ये घाला. वजन मागे, मोटर मागे, पंक्चरही जास्त मागेच, आणि पुढचं चाक काढणं म्हणजे पोरखेळ. पंप छोटा, हातात मावणारा घ्या. तो कोणत्या व्हॉल्व्हला बसतो हे आधी बघा. तुमच्या ट्यूबला स्कूटरसारखा जाड व्हॉल्व्ह असेल किंवा साध्या सायकलीचा बारीक, आणि चुकीचा पंप म्हणजे नुसती शिट्टी. हवा आठवड्यातून एकदा, टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याइतकी. पेट्रोल पंपावर भरायची झाली तर नळी स्वतःच्या हातात घ्या. तिथल्या मुलाचा अंदाज स्कूटरचा, सायकलीची ट्यूब त्या जोराने दोन सेकंदांत फुगते आणि तिसऱ्याला फुटते. मऊ टायरवर ई-सायकल चालवली तर मोटर गुपचूप जास्त ओढते, आपल्याला फरक कळत नाही, बॅटरीला कळतो.

पावसाळ्याचं. सायकलीसोबत आलेलं पुस्तक उघडून त्यात आयपी, म्हणजे पाणी किती सोसेल त्याचा आकडा, कोणता लिहिलाय ते बघा. 'आयपीएक्स४' म्हणजे चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे चालतील, एवढंच. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा फवारा त्यात बसत नाही, साचलेलं पाणी तर नाहीच. गोदावरीच्या पुराचं माप आपण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर घेतो, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. सायकलीचा दुतोंड्या म्हणजे मागच्या चाकाचा मध्य. २६ इंची चाकात तो जमिनीपासून साधारण ३३ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे पोटरीच्या आसपास. पाणी तिथवर असेल तर त्यात उतरायचंही नाही, दुसरा रस्ता धरायचा. त्याच्या खाली असेल तर मोटर बंद करून चालत ढकला, कारण पाण्याखाली गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही हे पायालाच कळतं.

मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या. मुलाने घातलेले वितभर पट्टीचे आहेत, ते डोंगरात चिखल उडवणाऱ्या पोरांसाठी. तुमच्या मागच्या चाकाचं पाणी पाठीवर रेघ मारतं आणि पुढच्याचं थेट बॅटरीच्या खाचेवर आणि तुमच्या चपलेवर. पुढच्या मडगार्डला खाली रबराची झालर असेल तर उत्तम, नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा दोन नटांनी लागतो. रेनकोट दोन भागांचाच. पोंचो वाऱ्याने फुगतो आणि ओढणीचीच गोष्ट पुन्हा सुरू होते. पावसातून वर गेल्यावर बॅटरीच्या पितळी टोकांवरचं पाणी कोरड्या फडक्याने टिपा, आणि शेडखाली राहिलेल्या डिस्प्लेवर शॉवर कॅप चढवा. पार्लरमध्ये देतात ती, दहा रुपयांची. यादीतलं सव्वातीनशेचं 'वॉटरप्रूफ डिस्प्ले कव्हर' तेच काम करतं.

भाजी आणि डबा कॅरिअरवर जाऊ द्या, पाठीवर नको. पाठीवर पिशवी घेतली की घाम येतो आणि ई-सायकलीचा अर्धा फायदा तिथेच जातो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या जोड-पिशव्या यादीत आहेत, त्या चांगल्या, फक्त त्यांच्या तळाशी पुठ्ठा किंवा पातळ फळी घाला म्हणजे चाकाकडे झुकणार नाहीत. चाकाची जाळी लागली की तेही भय राहत नाही. आमच्या शेजारच्या एका बाईंनी पिशव्यांऐवजी द्राक्षाचं छोटं कॅरेट चार प्लॅस्टिक टायांनी कॅरिअरवर आवळलंय. निफाडच्या भावाकडून आलेलं, फुकट. त्यात टोमॅटो दबत नाहीत, पाऊस निथळून जातो आणि शनिवारी नातही बसायला मागते, तिला बसवत नाहीत हे बरं. तुमच्याकडे कॅरेट असेल तर पिशव्यांचे दीड हजार वाचले. एकच पाळा, वजन आठ-दहा किलोंच्या वर गेलं की स्टँडवर भरवसा ठेवायचा नाही. सायकलच तेवीस-चोवीस किलोंची, कलली तर हाताने सावरत नाही. भरताना भिंतीला टेकवा.

उरलेल्या चौदांची झटपट विल्हेवाट. वायर लॉक, चार्जर, स्पीड किट, जाकीट आणि डिस्प्ले कव्हर यांचं वर झालं. मोबाइल होल्डर नको. माझा फोन गंगापूर रोडच्या एका स्पीडब्रेकरला होल्डरमधून उडाला आणि मागच्या रिक्षाखाली गेला. शिवाय तुम्हाला ऑफिसचा रस्ता बघायला नकाशा कशाला हवा? जेलचं सीट कव्हर नको. बुड दुखत असेल तर आधी सीटची उंची बघा. पेडल तळाला असताना टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. बायकांना दुकानदार सीट नेहमी खाली ठेवून देतात आणि मग गुडघे आणि बूड दोन्ही दुखतं. मोठ्या आवाजाचा हॉर्न नको. मेनरोडच्या गर्दीत हॉर्नला कोणी वळत नाही, घंटीला वळतात, कारण घंटी आता कानाला नवीन झाली आहे. चाकाचे रंगीत दिवे, हँडलची शिंगं, कॅमेरा, सहा भाषांत बोलणारा गजर, सगळं काढा. हातमोजे डिसेंबरात घेता येतील, पारा दहाच्या खाली गेला की.

राहता राहिली पॅडवाली सायकलिंगची शॉर्ट. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, अख्खी अमेरिका आडवी, जवळपास ४,८०० किलोमीटर. तेवढ्या वाटेला तशी शॉर्ट घालावी. चांडक सर्कलपर्यंत सुती सलवार पुरते.

घेण्याचा क्रम सांगून ठेवतो. या आठवड्यात लॉक, मागचा दिवा आणि चाकाची जाळी. हेल्मेट येत्या रविवारी. मडगार्ड पहिल्या पावसाआधी, बाकीचं पुढच्या पगाराला. मुलाला कार्ट रिकामं करायला लावू नका, तो हिरमुसेल. त्यालाच मागच्या चाकाचा नट मोजायला बसवा आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड आहे की बारीक ते बघायला सांगा. काय निघालं ते मला कळवा, म्हणजे पंप कोणता घ्यायचा ते सांगतो.

— तुमचा काका